पाठ असलं तरी पुस्तक उघडायचं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण : दहावी, १९९३ची तुकडी)



सुरुवातीलाच एक दुरुस्ती करतो. आत्ता सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना मी विमान चालवतो असं सांगितलं आणि तुम्ही टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्या मला परत कराव्या लागतील. मी विमान चालवत नाही, मी विमान दुरुस्त करतो. शहाद्यात माझ्या मोठ्या काकू अजून शेजारणींना सांगतात, ‘आमचा पोरगा विमानात आहे.’ खरं म्हणजे मी बहुतेक वेळ विमानाखाली असतो. अंगात निळा डगला, हाताला ग्रीस आणि कपाळावर बॅटरी. तुम्ही सगळे झोपलेले असता तेव्हा माझा दिवस सुरू होतो. दिवसभर फिरलेलं विमान रात्री अकराला हँगरमध्ये येतं आणि पहाटे पाचच्या आत ते पुन्हा प्रवाशांसाठी तयार लागतं. मधल्या सहा तासांत त्याची तपासणी करायची, बिघाड काढायचा आणि शेवटी कागदावर सही करायची की हे विमान उडायला योग्य आहे. त्या सहीशिवाय पायलटला विमान हलवता येत नाही. ती सही करायचा परवाना ज्याच्याकडे असतो त्याला एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर म्हणतात. तो परवाना मिळवायला मला किती वर्षं लागली आणि मधे मी काय घोळ घातला, ते आज सांगणार आहे. समितीने मला ‘यशाची वाटचाल’ असा विषय दिला होता. त्यातलं यश थोडक्यात सांगतो, वाटचाल जरा सविस्तर सांगतो.

माझ्या वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी तिथे पंक्चर काढून घेतलंय आणि त्यातल्या काहींनी पैसे अजून दिलेले नाहीत, पण तो विषय आज नको. दुकानात मी शाळा सुटल्यावर बसायचो. आप्पांचं एक वाक्य होतं, ‘आधी देखी ले, मंग बोल.’ गिऱ्हाईक म्हणायचं चेन खराब आहे, आप्पा ते ऐकून घ्यायचे आणि तरीही सायकल उलटी करून स्वतः चाक फिरवून बघायचे. खराब असायचा फ्रीव्हील.

राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं हे आपल्या पुस्तकात होतं. त्या दुकानात कामाला असलेल्या चार्ली टेलरचं नाव मात्र नव्हतं. १९०३ साली पहिल्या विमानाचं इंजिन त्या मेकॅनिकने सहा आठवड्यांत बनवलं, जेमतेम बारा अश्वशक्तीचं. सगळ्या जगाला दोन भाऊ माहीत आहेत, तिसरा माणूस आमच्या धंद्यातल्या लोकांनाच माहीत. २४ मे हा त्याचा जन्मदिवस अमेरिकेत विमान मेकॅनिकांचा दिवस म्हणून पाळतात. हे मला खूप उशिरा कळलं. आप्पांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘म्हणजे आपलाच माणूस.’

शाळेत मी कशासाठी प्रसिद्ध होतो, ते माझ्या वर्गमित्रांना आठवत असेल. पाठांतर! तीसपर्यंतचे पाढे, इतिहासाच्या सनावळ्या, विज्ञानाच्या व्याख्या, सगळं तोंडपाठ. पुस्तक मिटून घडाघडा म्हणून दाखवलं की सर पाठीवर थाप मारायचे. पुस्तक उघडावं लागणं म्हणजे कमीपणा, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की पुढे ते काढायला एक मोठा धक्का बसावा लागला.

१९९५ला बारावी झाली. भौतिक, रसायन, गणित होतं. इंजिनिअरिंगला गुण कमी पडले. वर्तमानपत्रात विमान देखभालीच्या अभ्यासक्रमाची जाहिरात आली होती, ती आमच्या एका सरांनी कापून आप्पांच्या हातात दिली. तेव्हा आपला जिल्हाही वेगळा झालेला नव्हता, तो १ जुलै १९९८ला झाला. आपण धुळे जिल्ह्याच्या टोकाला होतो आणि मुंबई आपल्यापासून विमानाइतकीच लांब होती. पहिल्या वर्षाची फी दुकानाच्या दोन वर्षांच्या कमाईहून जास्त होती. आप्पांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं. मला एसटीत बसवताना ते म्हणाले, ‘सायकल बिघडली तर माणूस उतरून ढकलत घरी येतो. तू शिकतोय त्याचं तसं नाही, एवढं ध्यानात ठेव.’ आख्खा अभ्यासक्रम त्या एका वाक्यात होता. मला ते तेव्हा कळलं नाही.

मुंबईत गेल्यावर वाटलं होतं, पहिल्या दिवशी विमान दाखवतील. पहिले काही महिने कानस दिली हातात! लोखंडाचा तुकडा घासून चौकोनी करायचा, चारी बाजू काटकोनात. गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. मग पत्रा कापणं, रिव्हेट मारणं. मग लॉक वायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून ओवून पीळ दिलेली तार. ती अशी बांधायची की तारेची ओढ बोल्टला आवळण्याच्या दिशेने राहील. उलटी बांधली तर तार बोल्टला सैल करायला मदत करते. दिसायला दोन्ही सारख्याच सुबक दिसतात. बोटं रक्ताळायची. आप्पांच्या दुकानात घालवलेली वर्षं इथे कामाला आली, हात पटकन बसला.

इंग्रजी मात्र बसेना. आपण मराठी माध्यमाचे. मॅन्युअल इंग्रजीत, व्याख्यान इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. पण एक गोष्ट इथे आवर्जून सांगितली पाहिजे, कारण ते सर आज समोर बसले आहेत. आठवीत तुम्ही आम्हाला मैदानात नेऊन पहारीने दगड उचलायला लावला होता, सर. टेकू, भारभुजा, बलभुजा. तुमच्याजवळ पहार आखूड धरली तर दगड हलायचा नाही, टोकाला धरली तर वर्गातला सगळ्यात बारका मुलगाही तो उचलायचा. मुंबईत आम्हाला टॉर्क रेंच शिकवला. नट किती जोराने आवळायचा हे ठरलेलं असतं आणि तो जोर मोजणारा हा पाना. कधीकधी जागा अडचणीची असते, म्हणून पान्याला पुढे जोडतुकडा लावतात. पाना दहा इंची, जोडतुकडा सरळ रेषेत पाच इंची आणि नटाला हवेत तीनशे इंच-पौंड, तर पाना कितीवर लावायचा? वर्गातली इंग्रजी माध्यमाची मुलं सूत्र आठवत बसली. मला तुमची पहार दिसली. बलभुजा दहाची पंधरा झाली, म्हणजे पाना दोनशेवरच लावायचा. तीनशेवर लावला तर नटावर साडेचारशे पडतील आणि बोल्ट आतून ताणला जाईल. बाहेरून काही दिसणार नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण इथे टिकू शकतो. सर, हे तुम्हाला सांगायला मला इतकी वर्षं लागली, माफ करा.

आता तो घोळ.

अभ्यासक्रम संपल्यावर मी मुंबईबाहेरच्या एका फ्लाइंग क्लबात अनुभवासाठी लागलो. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. दोन सीटची लहान शिकाऊ विमानं, सेसना १५२. साल १९९९. एक दिवस एका विमानाचे दोन्ही मुख्य टायर झिजले म्हणून बदलायचे होते. डावं चाक मी मॅन्युअल उघडून केलं. चाक आसावर चढवायचं, मग नट आवळायचा. चाक हाताने फिरवत राहायचं आणि बेअरिंगचा किंचित अडसर हाताला जाणवला की थांबायचं. मग नट थोडा मागे घेऊन त्याची खाच आणि आसाचं भोक एका रेषेत आणायचं. त्या भोकातून स्प्लिट पिन घालून तिची टोकं वाकवायची. नट फिरू नये म्हणून ती पिन. वर टोपी बसवायची. झालं.

उजव्या चाकाच्या वेळी मी मॅन्युअल मिटून बाजूला ठेवलं. नुकतंच तर वाचलं होतं! माझं पाठांतर किती पक्कं आहे, हे शेजारी उभ्या असलेल्या नव्या मुलाला दिसावं, हाही भाग होता, खोटं कशाला बोलू. मधेच कोणीतरी पंप मागायला आलं, मी उठून दिला, परत येऊन टोपी बसवली. संध्याकाळ झाली होती. परवानाधारक इंजिनिअरसाहेबांनी डावं चाक पाहिलं, उजव्याच्या टोपीवर हात ठेवून मला विचारलं, ‘पूर्ण?’ मी म्हणालो, ‘पूर्ण, सर.’ त्यांनी सही केली.

रात्री खोलीवर शर्ट धुवायला बादलीत टाकला आणि खिसा चाचपला. खिशात स्प्लिट पिन होती.

ती पिन हातात धरून मी बाथरूममध्ये किती वेळ उभा होतो, ते आठवत नाही. मनात सगळे विचार येऊन गेले. स्टोअरमधून दोनऐवजी तीन पिना घेतल्या असतील. एक लावली असेलच, मी इतका वेंधळा नाही. सकाळी लवकर जाऊन गुपचूप बघून घेऊ. पण सकाळची पहिली फेरी एका विद्यार्थ्याची होती, एकट्याने उडायची, आणि ती उजाडताच होती. मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा. आणि दुसऱ्या बाजूला आप्पांचं कर्ज. मला काढून टाकलं तर घरी काय तोंड दाखवू? मला त्या क्षणी विमानापेक्षा पतसंस्थेचं पासबुक जास्त दिसत होतं, हेही खरं सांगतो.

खाली चहावाल्याची सायकल होती. त्याला उठवून ती मागून घेतली आणि चार किलोमीटर अंधारात दामटली. वॉचमन आत सोडेना. शेवटी त्याने साहेबांच्या क्वार्टरचं दार वाजवलं. साहेब बनियनवर बाहेर आले. मी काही बोललो नाही, नुसती हातातली पिन दाखवली. त्यांनी बॅटरी घेतली आणि म्हणाले, ‘चल.’

हँगरमध्ये त्यांनी स्वतः टोपी काढली. नट होता. भोक रिकामं होतं.

ते बराच वेळ गुडघ्यावर तसेच बसून राहिले. मला वाटलं, आता थोबाडीत बसेल. ते म्हणाले, ‘तू विसरलास ही तुझी चूक. मी टोपी काढून पाहिलं नाही, ही माझी. आणि सही माझी आहे.’ मग त्यांनी स्टोअर उघडायला लावून नवी पिन काढली. मी म्हणालो, ‘सर, ही आहे ना.’ ते म्हणाले, ‘ही खिशात होती, साबणाच्या पाण्यात गेली. हिचा आता हिशेब राहिला नाही. विमानावर बेहिशेबी वस्तू लागत नाही.’ दोन्ही चाकं आम्ही पहिल्यापासून पुन्हा केली, मॅन्युअल उघडून. आणि शेवटी त्यांनी नोंदवही काढली. मला वाटलं, पान बदलतील. रात्रीची वेळ, आम्ही दोघंच, कोणाला कळणार होतं? त्यांनी आधीच्या नोंदीला हातही लावला नाही. खाली नवी नोंद केली : उजव्या चाकाच्या नटाला पिन नसल्याचं आढळलं, नवी बसवली, तपासलं. खाली तारीख, वेळ आणि स्वतःची सही. आमच्या धंद्यात पान फाडायचं नसतं, खाडाखोड करायची नसते. चुकलेल्या शब्दावर एक रेघ मारायची, ती अशी की खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची.

कदाचित काहीच झालं नसतं. ते विमान दहा फेऱ्या करून सुखरूप उतरलंही असतं. किंवा पहिल्याच फेरीत उतरताना चाक निघालं असतं. ते कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तर पिन असते.

मला काढलं नाही. शिक्षा मात्र मिळाली. दोन महिने प्रत्येक काम करताना मॅन्युअलमधली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची, मग हात लावायचा. माझ्या शहादी इंग्रजीत! सगळा हँगर हसायचा. ‘टॉर्क’चा उच्चार मी इतक्या प्रकारांनी केला की सरदारजी मेकॅनिक मला त्याच नावाने हाक मारू लागले. पण दोन महिन्यांनी दोन गोष्टी झाल्या. एक, माझी इंग्रजीची भीती गेली. दुसरी, मला कळलं की पुस्तक उघडून काम करणं हा कमीपणा नाही, तो नियमच आहे. कारण माणूस विसरतो, एवढंच नाही, पुस्तकही बदलतं. कंपनी मॅन्युअलमध्ये सुधारणा करत असते. काल पाठ केलेला आकडा आज जुना झालेला असू शकतो. म्हणून पान उघडल्यावर आधी सुधारणेची तारीख बघायची. वीस वर्षं तेच काम केलेला माणूसही पान उघडतो, आणि जो उघडत नाही त्याच्यावर लक्ष ठेवायचं असतं.

नंतर मी ‘मानवी घटक’ हा विषय शिकलो, म्हणजे माणसाकडून चुका का होतात ते. त्यात एक अपघात सगळ्या जगात शिकवतात. १० जून १९९०, ब्रिटिश एअरवेजचं विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मलागाला निघालं. वर गेल्यावर कॅप्टनच्या समोरची काच निखळून उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. आतल्या कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरवलं. कॅप्टन वाचला, सगळे वाचले. चौकशीत निघालं की ती काच दोन रात्रींपूर्वीच बदलली होती. तिचे ९० बोल्ट. त्यातले ८४ जाडीला किंचित कमी होते, इंचाच्या शंभराव्या भागाच्या दोन-अडीचपट इतके. उरलेले सहा लांबीला कमी. काच बसवणारा माणूस अडाणी नव्हता, आळशी नव्हता. अनुभवी होता, रात्रपाळीचा प्रमुख होता. त्याने जुना बोल्ट हातात घेतला आणि तसाच दिसणारा नवा, नजरेने जुळवून उचलला. भागांच्या सूचीचं पुस्तक बघून क्रमांक जुळवला नाही.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही की रागही आला नाही. मला माझ्या खिशातली पिन आठवली. तो माणूस माझ्यासारखाच होता, फक्त त्याच्या बादलीत शर्ट पडला नव्हता.

त्यानंतर परवाना मिळायला मला आणखी चार वर्षं लागली. एका पेपरात दोनदा नापास झालो. ते आप्पांना सांगितलं नव्हतं, आता ते नाहीत, तर इथे सांगून टाकतो. खोलीत आम्ही चौघं होतो. एकाला माझ्याआधी परवाना मिळाला. एक तीन वर्षांनी कंटाळून गावी गेला आणि त्याने घरचं कापडाचं दुकान उत्तम वाढवलं. एकाला परवाना शेवटपर्यंत मिळाला नाही, तो आजही टेक्निशियन म्हणून काम करतो. त्याच्याइतके चांगले हात मी पाहिलेले नाहीत. माझ्या विमानावर तो काम करत असला की मला बरं वाटतं. पण सही मात्र मला करावी लागते, आणि सही करण्याआधी मी टोपी काढायला लावतो. त्याला राग येत नाही.

आता विद्यार्थ्यांसाठी आणि विशेषतः पालकांसाठी थोडं कामाचं बोलतो.

हल्ली आपल्या शेजारी शिरपूरच्या धावपट्टीवरून शिकाऊ विमानं उडतात. आपल्या मुलांना विमान आता माझ्या वेळेइतकं परकं राहिलेलं नाही. त्यामुळे मला खूप फोन येतात. त्यांना मी जे सांगतो तेच इथे सांगतो. परवाना संस्था देत नाही. परवाना दिल्लीचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देतं. संस्थेचं प्रमाणपत्र वेगळं आणि परवाना वेगळा. म्हणून फी भरण्याआधी ती संस्था डीजीसीएच्या मान्यतेच्या यादीत आहे का आणि नेमकी कोणत्या शाखेसाठी आहे, ते स्वतः तपासा. एजंटाच्या तोंडाकडे बघू नका, आधी देखी ले. बारावीला भौतिक, रसायन, गणित लागतं, किंवा अभियांत्रिकी पदविका. यांत्रिक बाजूची शाखा बी-वन, विद्युत उपकरणं आणि इलेक्ट्रॉनिक्सची बी-टू. अभ्यास मॉड्यूलमध्ये विभागलेला असतो आणि प्रत्येक मॉड्यूलला उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के लागतात. आपल्याकडे पस्तीसला पास म्हणतात, तिथे चौऱ्याहत्तरला नापास म्हणतात. जेट विमानांच्या बी-वनचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम २४०० तासांचा असतो, आणि तो केला तरी चालत्या विमानांवरचा अनुभव नोंदवहीत दाखवावा लागतो. कोणी ‘दोन वर्षांत लाखाची नोकरी’ म्हणाला की तिथून उठा.

आणि हा एकच रस्ता नाही. कर्ज काढण्याआधी दुसरा बघा. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४पासून आहे. मिग-२१ तिथे बनली, पुढे सुखोई-३० बनली. तिथे आयटीआय झालेल्या मुलांना ॲप्रेंटिस म्हणून घेतात. ओझरलाच हवाई दलाचा दुरुस्ती डेपो आहे. हवाई दलात तांत्रिक बाजूला भरती होते. नागपूरला मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या देखभालीचा तळ आहे. आपल्या अक्कलकुव्याच्या, धडगावच्या मुलांचे हात कामाला किती बसलेले असतात, ते मी जाणतो. मुलींनाही सांगतो, आमच्या हँगरमध्ये मुली आहेत, आणि अरुंद जागेतल्या नटापर्यंत त्यांचा हात माझ्याआधी पोचतो. वजन उचलायला क्रेन असते.

या कामात काय मिळत नाही, तेही सांगितलं पाहिजे. दिवाळीच्या रात्री मी घरी नसतो. हायड्रॉलिकचं तेल कातडीला लागलं की आग होते. मोठं काम केलं तर कोणाला कळत नाही. माझ्या हाताखालून गेलेलं विमान सुखरूप उतरलं, ही बातमी कोणत्याच पेपरात येत नाही. माझ्या धंद्यात बातमी न होणं हेच यश. म्हणून मघाशी म्हणालो की यश थोडक्यात सांगतो.

शेवटचं. समितीने देणगीबद्दल विचारलं होतं. पैसे दिलेच आहेत, पण त्याखेरीज एक वस्तू आणली आहे, ती स्टेजच्या कोपऱ्यात झाकून ठेवलीय. प्रयोगशाळेसाठी हत्यारांचा फळा आहे. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, कानस, हातोडी. प्रत्येक हत्याराच्या मागे त्याचाच आकार पांढऱ्या रंगाने रंगवलाय. आमच्या हँगरमध्ये असेच फळे असतात. काम संपलं की सगळी हत्यारं जागेवर जातात. एक जरी पांढरा आकार उघडा दिसला, तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान हलत नाही, मग प्रवासी कितीही ओरडोत. शाळेने एवढंच करावं, तास संपल्यावर एका विद्यार्थ्याला फळ्यासमोर उभं करावं आणि त्याला मोजायला लावावं. आणि एखादं हत्यार हरवलं असं तो सांगायला आला, तर आधी त्याला शाबासकी द्यावी, मग शोधायला लावावं. उलट क्रमाने करू नये, ही शिक्षकांना माझी विनंती आहे. मी त्या रात्री साहेबांच्या दारापर्यंत गेलो, पण निम्म्या रस्त्यातून दोनदा सायकल मागे वळवली होती. मार बसेल या भीतीने. ते दोन वेळा मागे वळणं मी अजून विसरलेलो नाही.

ती पिन आज माझ्या खिशात आहे. दाखवतो. मागच्या मुलांना दिसणार नाही एवढीशी आहे, भाषणं संपली की पुढे येऊन हातात घेऊन बघा. फक्त बघून झाल्यावर परत द्या, मी मोजणार आहे.

आप्पांच्या दुकानाची उधारी मात्र सगळ्यांना माफ.